सोयरिकीआधी रक्ताची चिठ्ठी



या पानावर आम्ही एरवी लागणीचे अंतर, खताच्या मात्रा, खोडव्याची निगा आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा आणि हा आजार हुडकून काढणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीचा आहे.

ऊस विकास विभागाने रक्ताच्या गोष्टी कशाला कराव्यात, असे कुणाला वाटेल. पण वरठी परिसरात गटसभा आटोपली, बेण्याची नि पाण्याची चौकशी झाली, की एखादा सभासद मागे रेंगाळतो आणि हळूच विचारतो, "साहेब, पोरीचं जमलेलं मोडलं जी. तिच्या रक्तात काहीतरी निघालं म्हणतेत. आता का करावं?" आम्ही विचारतो, पोराचे रक्त तपासले होते का? उत्तर येते, "पोराचं कायले तपासतील?"

या एका उत्तरापायी हा लेख लिहावा लागला. रोग एकीकडे आणि गैरसमज दुसरीकडे, अशी आपल्या भागात दुहेरी हानी चालली आहे. तपासणी न करता लग्ने होतात आणि आजारी लेकरू जन्माला येते. किंवा तपासणी होते, पण चिठ्ठी नीट न वाचता निरोगी मुलीवर ठपका बसतो. दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत.

आजार म्हणजे नेमके काय

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. श्वासातला प्राणवायू उचलून अंगभर पोहोचवणे हे त्याचे काम. हे द्रव्य म्हणजे मण्यांच्या माळांची गुंफण आहे असे समजा. त्यातल्या एका प्रकारच्या माळेत १४६ मणी असतात. सिकलसेलमध्ये या १४६ पैकी फक्त सहावा मणी बदललेला असतो, बाकी सगळी माळ जशीच्या तशी. पण तेवढ्या बदलाने प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या काड्या बनतात आणि गोल, लवचीक पेशी धान कापायच्या विळ्यासारखी वाकडी नि ताठ होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

अशा वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पाटात कचरा अडकला की पुढच्या वाफ्याला पाणी मिळत नाही, तसे पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य ठणका उठतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी पेशी १०-२० दिवसांतच मोडते. म्हणून अंगात रक्त राहत नाही, डोळे पिवळे दिसतात, लेकरू वारंवार तापाने पडते. लोक याला वात म्हणतात, कावीळ म्हणतात, कुणी बाहेरची बाधा म्हणतात आणि गंडेदोरे करण्यात वर्षे घालवतात.

हा आजार स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी झोपल्याने लागत नाही. तो फक्त आईबापांकडून लेकरात उतरतो.

आपल्या भागात तो का आढळतो

या आजाराचे पहिले शास्त्रीय वर्णन १९१० साली अमेरिकेत शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी केले. दोष हिमोग्लोबिनमध्येच आहे हे १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या प्रवाहाच्या साहाय्याने दाखवून दिले. भारतात तो आहे ही गोष्ट १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींच्या तपासणीतून पुढे आली आणि १९५८ साली नागपूरचे डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातही तो असल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे आपल्या दाराशी त्याची नोंद होऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे. पुढे महाराष्ट्रात डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत हिंडून या आजारावर अनेक वर्षे काम केले. त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा पूर्व विदर्भाचा पट्टा या आजाराच्या मुख्य पट्ट्यांपैकी एक आहे. कारण पाहू गेल्यास ते मलेरियाशी जाऊन भिडते. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाहणीवरून दाखवले, की ज्याच्या अंगात हा दोष एकेरी आहे त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जंगल, तलाव आणि धानाच्या बांध्या यांच्या मुलखात हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या लेकरे नेली. त्यातून जी वाचली, त्यांत हा एकेरी दोष असलेली अधिक होती. तेव्हा हे कुणाच्या पूर्वजन्माचे पाप नाही, की कुणा कुळाचा कलंक नाही. ज्या गुणाने आपले पूर्वज तगले, त्याचीच ही दुसरी बाजू आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा आजार अमक्या जातीचाच, असे समजून पुष्कळ जण तपासणी टाळतात. अनुसूचित जाती-जमातींत त्याचे प्रमाण जास्त आढळले हे खरे. पण इतर समाजांतही तो सापडलेला आहे. रक्त जात पाहून बदलत नाही आणि आडनाव पाहून तपासणी होत नाही.

कांडी आणि बी

आनुवंशिकता समजायला ऊस उत्पादकाला पुस्तक लागत नाही. आपण ऊस कांडीने लावतो. को ८६०३२ ची कांडी लावली की को ८६०३२ च उगवतो. जसा बाप तसा बेटा, रतीभर फरक नाही. पण कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेत, जी १९१२ पासून नवे वाण काढत आली आहे, दोन जातींच्या तुऱ्यांचा संकर करून बी धरतात. त्या बियांतून उगवलेली दोन रोपे सारखी निघत नाहीत, कारण प्रत्येक रोपात अर्धे मायेचे आणि अर्धे बापाचे येते, आणि कोणते अर्धे येईल याचा नेम नसतो.

माणूस कांडीने होत नाही, तो बियाने होतो. हिमोग्लोबिनच्या या माळेच्या दोन प्रती प्रत्येकात असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. दोन्ही चांगल्या असल्या तर माणूस निर्दोष. एक चांगली आणि एक बदललेली असेल तर तो वाहक. दोन्ही बदललेल्या असतील तर तो रुग्ण.

वाहक म्हणजे आजारी नव्हे. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. वाहक माणूस नांगर धरतो, मोळ्या उचलतो, बाळंतपणे निभावतो, म्हातारा होतो. बहुतेकांना आपण वाहक आहोत याचा जन्मभर पत्ताही लागत नाही. फार कष्टाच्या कामात पाणी पीत राहावे, एवढी काळजी पुरे. आणि वाहक पुढे जाऊन रुग्ण होत नाही. जन्मताना जे असते तेच मरेपर्यंत राहते.

तपासणी: आधी ब्रिक्स, मग पोल

उसाची पक्वता पाहायला आमचे कर्मचारी शेतात हातातले रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतात. रसाचा थेंब टाकला की ब्रिक्स कळतो. पण ब्रिक्समध्ये साखर आणि साखरेखेरीजचे विरघळलेले पदार्थ दोन्ही धरलेले असतात. खरी साखर किती हे पाहायला रस कारखान्याच्या प्रयोगशाळेत नेऊन पोल काढावा लागतो. रक्ताचेही तसेच आहे. पहिली तपासणी झटपट अंदाज देते, दुसरी निकाल देते.

पहिली तपासणी सोल्युबिलिटीची, म्हणजे विद्राव्यतेची. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काचनळीतल्या औषधी द्रावणात टाकतात. नळीमागे रेघा मारलेला कागद धरतात. द्रावण स्वच्छ राहिले आणि रेघा दिसल्या तर सिकलचे हिमोग्लोबिन आढळले नाही असे समजतात. द्रावण गढूळ झाले आणि रेघा दिसेनाशा झाल्या तर ते आहे. काम काही मिनिटांचे.

पण नळी गढूळ झाली एवढ्यावरून माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. दोघांचेही द्रावण गढूळ होते. म्हणून दुसरी तपासणी लागते, ती इलेक्ट्रोफोरेसिसची. दंडातून घेतलेल्या रक्तातले हिमोग्लोबिन एका पट्टीवर ठेवून तीतून विजेचा प्रवाह सोडतात. चांगले हिमोग्लोबिन पुढे सरकते, सिकलचे मागे राहते. निर्दोष माणसाचा मुख्य पट्टा पुढच्या जागी, रुग्णाचा मागच्या जागी, आणि वाहकाचे पट्टे दोन्ही जागी दिसतात. मोठ्या प्रयोगशाळांत हेच काम एचपीएलसी नावाचे यंत्र करते; ते प्रत्येक प्रकारच्या हिमोग्लोबिनचे टक्के छापून देते.

या दुसऱ्या तपासणीचा आणखी एक मोठा उपयोग आहे. थॅलेसेमिया नावाचा दुसरा आनुवंशिक दोष सोल्युबिलिटीत पकडला जात नाही; नळी स्वच्छ राहते आणि माणूस निर्धास्त होतो. पण एक जोडीदार सिकलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला, तर त्यांच्या लेकरालाही सिकलचा आजार होऊ शकतो. हिमोग्लोबिनचा ए-टू नावाचा एक अल्प प्रकार असतो. तो साडेतीन टक्क्यांच्या वर गेला आणि तांबड्या पेशी आकाराने लहान दिसल्या, तर थॅलेसेमियाच्या वाहकाची दाट शंका येते. म्हणून जोडीदारांपैकी एकाच्या रक्तात सिकल निघाले, तर दुसऱ्याने केवळ काचनळीच्या तपासणीवर थांबू नये.

तीन सावधगिऱ्या ध्यानात ठेवा. पहिली, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सोल्युबिलिटी करून उपयोग नाही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते. दुसरी, गेल्या तीन-चार महिन्यांत बाहेरचे रक्त चढवले असेल तर ते आधी सांगावे, नाहीतर दात्याच्या रक्ताचा निकाल आपल्या नावावर येईल. तिसरी, अंगात रक्त फारच कमी असले तर काचनळी फसवू शकते. तेव्हाही दुसरी तपासणी करून घ्यावी.

चिठ्ठी कशी वाचावी

चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरांत एए लिहिले असेल तर सिकलचा दोष नाही. एएस असेल तर वाहक. एसएस असेल तर रुग्ण. आता सोयरिकीचा हिशेब पाहा:

१. एए आणि एए: सर्व लेकरे एए.

२. एए आणि एएस: प्रत्येक लेकरू वाहक होण्याची शक्यता निम्मी. सिकलचा रुग्ण एकही होणार नाही.

३. एएस आणि एएस: प्रत्येक खेपेस रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, निर्दोष होण्याची चारात एक.

४. एए आणि एसएस: सर्व लेकरे वाहक, रुग्ण एकही नाही.

५. एएस आणि एसएस: निम्मी शक्यता रुग्णाची, निम्मी वाहकाची.

६. एसएस आणि एसएस: सर्व लेकरे रुग्ण.

चारात एक याचा अर्थ पुष्कळांना चुकीचा लागतो. पहिले लेकरू आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील, असे मुळीच नाही. टोपलीतून एक चिठ्ठी काढली आणि परत टोपलीत टाकली, की पुढच्या खेपेस चारही चिठ्ठ्या तशाच हजर असतात.

आता दुसरा आकडा पुन्हा वाचा. मुलगी वाहक असेल आणि मुलगा एए असेल, तर त्या घरात सिकलचा रुग्ण जन्माला येणार नाही. मग ते लग्न कशासाठी मोडायचे? मुलीची चिठ्ठी मागायची आणि मुलाची दाखवायची नाही, ही रीत अन्यायाची तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. एकट्या मुलीच्या चिठ्ठीने काहीही ठरत नाही. अशी मुलगी नाकारून दुसरीकडे गेलेला मुलगा स्वतःच वाहक असेल आणि दुसरी मुलगीही वाहक निघाली, तर जे टाळायला गेलो तेच अंगणात आले. दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्याशिवाय हिशेब मांडता येत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे, की साखरपुडा ठरल्यावर, पाहुण्यांना निरोप गेल्यावर तपासणी करू नका. तेव्हा निकाल आला की तो दोन घरांच्या इभ्रतीचा प्रश्न होतो. मुलगा-मुलगी शाळा-कॉलेजात असतानाच तपासणी करून चिठ्ठी सात-बाराच्या कागदांसोबत जपून ठेवा. मग बोलणी सुरू होतानाच दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना ती शांतपणे पाहता येते.

लग्न झालेल्या आणि दोघेही वाहक असलेल्या जोडप्यांनीही हताश होऊ नये. दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे. गर्भ सुमारे १० ते १२ आठवड्यांचा असताना वारेचा अंश घेऊन तपासणी करता येते. ती मोठ्या रुग्णालयातच होते. पुढचा निर्णय कायद्याच्या चौकटीत त्या जोडप्याने घ्यायचा असतो, सासू-सासऱ्यांनी किंवा गावाने नव्हे.

घरात रुग्ण असेल तर

रुग्ण म्हणजे संसारातून बाद, असे समजण्याचे कारण नाही. वेळेवर निदान आणि नियमित उपचार मिळाले तर पुष्कळ जण शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. पाच वर्षांखालच्या रुग्ण बालकांना जंतुसंसर्ग टाळण्यासाठी पेनिसिलिन आणि लसी देतात. रक्त तयार होण्यास मदत म्हणून फॉलिक अ‍ॅसिड देतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने ठणक्याचे झटके कमी होतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अधूनमधून रक्त तपासूनच घ्यायचे असते. लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने चालू करू नयेत.

शेतकऱ्याच्या घरात काळजी शेताच्या कामाचीच घ्यावी लागते. पाणी कमी पडणे, थंडी, ताप आणि अतिश्रम यांनी झटका उठतो. म्हणून हिवाळ्यात रात्रपाळीच्या लाइटवर ओलित करायला रुग्ण पोराला पाठवू नका. रोवण्याच्या दिवसांत तासन्‌तास पाण्यात उभे करू नका. उन्हात तोडणीला जुंपू नका. शाळेत त्याला पाण्याची बाटली आणि लघवीला जाण्याची मोकळीक मिळावी, एवढे गुरुजींना सांगा. मच्छरदाणी वापरा, वाहकाला मलेरियापासून संरक्षण असले तरी रुग्णाला मलेरिया फार जड जातो.

जोराचा ताप, छातीत दुखून धाप लागणे, एकाएकी पांढरे पडणे व पोटात डाव्या बाजूला पाणथरी फुगणे, हात-पाय लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. त्याच घडीला दवाखाना गाठा.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला आहे. पात्र रुग्णाला प्रमाणपत्र मिळू शकते. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

तपासणी कुठे

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू द्यायचा नाही, असे तिचे उद्दिष्ट आहे. चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले असून त्याचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. आपल्याला मात्र सुरुवातीला इतक्या लांब जाण्याची गरज नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंमार्फत नाव द्यावे. तिथे काचनळीची तपासणी विनामूल्य होते. नळी गढूळ झाली तर दुसरी तपासणी कुठे आणि कधी होईल, हे तिथेच विचारून घ्यावे आणि ती पुरी केल्याशिवाय राहू नये. अर्धवट तपासणी म्हणजे पाणी देऊन खत न देणे.

आमच्या विभागाकडून आम्ही एवढे करीत आहोत, की प्रत्येक गटसभेत शेवटची पंधरा मिनिटे या विषयाला ठेवत आहोत. कुणाच्या चिठ्ठीत काय निघाले, हे आम्ही विचारणार नाही आणि कुणी चावडीवर सांगूही नये. चिठ्ठी ज्याची त्याची असते. तोडणीसाठी येणाऱ्या मजुरांच्या लेकरांचीही आठवण ठेवा. ताप नि ठणका घेऊन खोपीत पडलेले मूल दिसले तर मुकादमाला सांगून दवाखान्यात पोहोचवा.

सभासद बंधूंनो, बेणे घेताना तुम्ही प्लॉट फिरून पाहता, डोळा तपासता, तांबेरा नि काणी पाहता, वय विचारता आणि मगच गाडी भरता. लेकरांच्या बाबतीत मागायचे आहे ते याहून थोडे आहे: बोटावर एक टोचणी, दोन चिठ्ठ्या, आणि त्या शेजारी ठेवून वाचण्याइतका धीर. खोडव्याच्या निगेबद्दल पुढच्या अंकात लिहूच. तोवर हा अंक घरातल्या शिकत्या पोरापोरींच्या हाती द्या.

— ऊस विकास अधिकारी